खांद्याची उंची

आप्पा कुणाशीही बोलायच्या आधी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघायचे. मग नजर परत वर चढायची, खांद्यापाशी थांबायची, ओठ जरासे हलायचे आणि मग प्रश्न यायचा, "काय, बरं हाय न्हवं?"

नवखा माणूस दोन पावलं मागंच सरकायचा. कारण आष्ट्यात आमच्या गल्लीत कुणाचीही माती असली, म्हणजे अंत्यविधी असला, की सगळी सूत्रं आप्पांच्या हातात असायची. कळक आणायचे, ताटी बांधायची, शेणी रचायच्या, सगळं तेच बघायचे. तिरडीला आमच्याकडे ताटी म्हणतात, बांबूला कळक आणि गोवऱ्यांना शेणी. अशा माणसानं आपल्याला वरून खाली न्याहाळलं तर तो आपलंच माप घेतोय, असं कुणालाही वाटेल. मी या गल्लीत राहायला आले तेव्हा मलाही वाटलं होतं. तोंडावर विचारलंच त्यांना.

"तुमचं माप कशाला घिऊ ताई?" ते दुखावून म्हणाले. "खांद्याची उंची बघतूय. चौघं एका उंचीचं नसलं की ताटी कलती. कोण कुणाच्या जोडीला बसतंय, ते आधीच ठाऊक पायजे. ऐन टायमाला कुणाला उभं करून मोजता येतंय व्हय?"

आप्पा वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. आयुष्य खांबावर गेलं, त्यामुळे दोरी, गाठ आणि लेवल यांत कुणाचं चालू द्यायचे नाहीत. 'लेवलात' हा त्यांचा लाडका शब्द. ताटी लेवलात पाहिजे. ज्या घरी कुणी गेलं असेल तिथे ते शिरायचे, रडणाऱ्या माणसांसमोर क्षणभर उभे राहायचे आणि म्हणायचे, "कुणी काय करायचं न्हाई. मी हाय." एवढ्या दोन वाक्यांवर घर सावरायचं. मी स्वतः पाहिलंय.

मी शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क. याद्या करणं हा माझा धंदाही आहे आणि रोगही. मातीच्या वेळी पाहुण्यांना फोन कुणी करायचे, पिठलं-भाकरी कुणाच्या घरून जायची, हे माझ्याकडे आपोआप आलं. आप्पा मला 'यादीवाल्या ताई' म्हणायचे. आम्ही दोघं मिळून कुणालाही व्यवस्थित निरोप देऊ शकत होतो.

त्यांची ही नजर कुठेही सुटायची नाही. एका लग्नात नवरदेव स्टेजवर उभा, शेजारी त्याचा मेहुणा. आप्पा पुढच्या रांगेतून समाधानानं म्हणाले, "वा! जोडी एका उंचीची हाय." नवरीची आई खुश झाली. काकींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, त्यांना असा चिमटा काढला की अक्षता टाकायच्या आधीच आप्पांचा हात वर गेला. जोडी म्हणजे कुणाची, हे फक्त आम्हा दोघींना कळलं होतं.

मग त्यांचे गुडघे गेले. खांबावर चढून चढून झिजलेच होते. मिरजेला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील, आधी उजवा करू. आप्पांनी डॉक्टरांकडे वरून खाली बघितलं.

"डॉक्टर, तुमी उंच हाय. तुमच्या जोडीला मानूस मिळायचा न्हाई."

"कशाच्या जोडीला?"

"ते ऱ्हाऊ दे," काकी घाईनं म्हणाल्या.

आप्पांना शस्त्रक्रियेबद्दल एकच शंका होती. "हे जे घालणार, ते जळतं का?" डॉक्टरांनी सांगितलं, नाही जळत, धातू आहे. आप्पा माझ्याकडे वळले. "म्हंजे सावडताना सापडंल. लक्षात ठेव गं. लोक घाबरतील."

खरंच सापडले पुढे, दोन्ही. राखेत शेजारी शेजारी, तसेच चकचकीत. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कुणी घाबरलं नाही. काकींनी ते नदीत सोडू दिले नाहीत. "नवं हायत अजून," म्हणाल्या.

पण हे बरंच नंतरचं. मला सांगायचंय ते घरातल्या मुक्कामाबद्दल.

उजवा गुडघा बदलून आप्पा घरी आले. ओट्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, त्यांची कॉट टाकली. वॉकर, बर्फाची पिशवी, कमोडची खुर्ची, सगळं मी जागच्या जागी लावून दिलं. आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला जाताना लोक बिस्किटं आणि वाईट बातम्या घेऊन जातात, हे तुम्हीही पाहिलं असेल. कुणाच्या मावशीचा गुडघा उलटा बसला होता, कुणाच्या साडूला चालताना कर्र असा आवाज यायचा. आप्पांना त्याचं काही नव्हतं. त्यांची काळजी वेगळीच होती.

"सहा आठवडं मी रजेवर हाय," ते प्रत्येकाला बजावत. "घरातल्या म्हाताऱ्यांना सांगा. कुणी गडबड करायची न्हाई."

निवृत्त गुरुजी भेटायला आले. बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. आप्पा उशीवरून अर्धे उठले. "गुरुजी! खोकल्याकडं बघा आधी. हितं मला बघायला काय आलाय? घरी जावा, वाफ घ्या." गुरुजी बिस्किटाचा पुडा परत घेऊन गेले, इतके गडबडले.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात समोरच्या घरातल्या जिजी घाईला आल्या, आज जातात की उद्या अशा.

जिजी नव्वदीच्या घरातल्या. चणीनं एवढ्याशा, आवाजानं मोठ्या. आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या, असं सांगून त्यांना दवाखान्यातून आणलेलं. त्यांची कॉट खिडकीला लावलेली, आणि खिडकीतून थेट आप्पांचा ओटा दिसायचा. धाकटी सून सगळं करायची. थोरला मुलगा विलास पुण्याहून लॅपटॉपसकट येऊन बसला. सगळे उशाशी जमले. जिजींनी दोन दिवस डोळे उघडले नव्हते. सुनेनं कानाशी जाऊन सांगितलं, "आप्पांचं ऑपरेशन झालं बरं का. बघायला येतो म्हणत होते, पण पाय उचलत नाही."

जिजींनी डोळे उघडले.

"कुणाचा पाय?"

"आप्पांचा."

"मग मी कशी जाऊ?" जिजी म्हणाल्या. "मला तोच पायजे. त्यानं शब्द दिलाय. त्याचा गुडघा मोकळा हुंदे, मग मीबी मोकळी हुते." आणि त्यांनी चहा मागितला.

हा 'मोकळा' शब्द आला होता व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओकडून. ती सांगलीहून स्कुटीवर यायची. तिच्याकडे कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ शोभेल असं एक यंत्र होतं. ते गुडघ्याला लावून ती रोज म्हणायची, "अजून मोकळा नाही झाला हं." ते काकी सुनेला सांगायच्या, सून जिजींना सांगायची. "न्हाई झाला न्हवं?" जिजी म्हणायच्या आणि पेजेची वाटी पुढे ओढायच्या.

चारपाच दिवसांनी विलास माझ्याकडे आला. चेहरा ओढलेला.

"ताई, साधारण किती दिवस लागतात हो गुडघ्याला?"

"काम थांबलंय का तुमचं?"

"तसं नाही. म्हणजे, आहेच. पण…" आई जावी असं त्याला अजिबात वाटत नव्हतं. तारीख कळावी एवढंच वाटत होतं. याद्या करणाऱ्या माणसाला हे समजतं.

दुसऱ्या दिवसापासून विलास सकाळी आप्पांच्या ओट्यावर हजर. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी द्यायला, टाच गादीवरून मागं सरकवायला, मोजायला. "आप्पा, अजून थोडा. काटकोनापर्यंत आणू या."

"आई गं! मेलो!" आप्पांची आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत जायची. "न्हाई वाकत रं गड्या! दगड झालाय त्याचा!"

समोरच्या खिडकीतून जिजी पडल्या पडल्या बघत.

असं पुष्कळ दिवस चाललं. मिरजेच्या डॉक्टरांना प्रश्न पडला. फोटोत सगळं ठीक, सूज उतरलेली, मग गुडघा वाकत का नाही? त्यांनी सांगितलं, पुढच्या खेपेपर्यंत वाकला नाही तर गुंगी देऊन आम्हाला वाकवावा लागेल. विलास म्हणाला, "मग आजच का नको?" काकी रडायला लागल्या. इकडे जिजी पेजेवरून मऊ भातावर आल्या होत्या.

एक दिवस दुपारी मी परसातून आप्पांच्या घरात शिरले. काकी दळण आणायला गेलेल्या. मला बर्फाची पिशवी धुऊन ठेवायची होती. ओट्यावर डोकावले तर आप्पा कॉटच्या कडेवर बसलेले. उजवा पाय गुडघ्यात दुमडून चांगला मागं घेतलेला, टाच कॉटच्या लोखंडी दांडीवर टेकवलेली, खाली वर्तमानपत्र पसरलेलं. आणि ते वाकून स्वतःच्या पायाची नखं काढत होते. निवांत. गुणगुणत.

"आप्पा!"

नेलकटर हातातून पडलं. "हळू! म्हातारी ऐकंल."

"हा गुडघा वाकत नाही? काटकोन कसला, याच्या पुढं गेलाय! लोक गुंगी देऊन वाकवायला निघालेत तुमचा पाय, आणि तुम्ही…"

"बस हितं," ते म्हणाले. "आन् वरडू नगंस."

मी बसले. त्यांनी नखं वर्तमानपत्रात गोळा केली, पुडी केली, उशीखाली ठेवली. पुरावा लपवायला की काय, कोण जाणे.

"माझी आई गेली तवा मी हितं न्हवतो," ते म्हणाले. "वाऱ्यानं खांब पडल्यालं, महाबळेश्वरच्या अंगाला. निरोप पोचंपर्यंत उशीर. हितं वढ्याला पानी, अर्धी गल्ली रानात अडकल्याली. ताटी उचलायला तीन बापय गोळा झालं. चौथा न्हाई. मग समोरची जिजी उठली. पानी आनायची चुंबळ हुती न्हवं, ती घितली, खांद्यावर ठेवली, उंची पुरावी म्हणून. आन् लागली कळकाखाली."

"जिजी? त्या काळात?"

"लोक बोलली की. बाईमानसानं खांदा द्यायचा व्हय, म्हणून. मी फाट्यावर उतरून पळत आलो. लांबनं बघतूय तर ताटी एका बाजूला कलल्याली. मला असला राग आला! म्हटलं, कोण रं हे येडं, धड धरता येत न्हाई? जवळ गेलो तर ही एवढीशी बाई. मागनं सगळी वरडत्यात, कलतीय, कलतीय. ही म्हणती, कलू दे. पडत न्हाई."

आप्पांनी गुडघ्यावरून हात फिरवला. नवी जखम लांबट, गुलाबी दिसत होती.

"तवाच तिला शब्द दिला. तुजी मी लेवलात नेनार."

"मग?"

"मग काय? लेवलात न्यायची म्हटलं. लगीच न्यायची असं कुठं म्हटलं?" ते चिडून म्हणाले. "गुडघा मोकळा झाला म्हटल्यावर ती जाईल. शब्दाची लय पक्की हाय ती. मी वाकवत न्हाई जा!"

मी व्यवहारी बाई आहे. मी त्यांना गुंगीचे धोके सांगितले, काकींची काळजी सांगितली, विलासच्या नोकरीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला पाय सरळ करायला लावला, कारण काकींच्या चपला वाजल्या होत्या. "आई गं!" ते ओरडले.

संध्याकाळी मी जिजींकडे गेले. काय बोलायचं ते मनात ठरवूनही झालेलं नव्हतं. जिजींनीच मला जवळ बोलावलं.

"माजं कान गेल्यात," त्या म्हणाल्या. "डोळं न्हाईत गेलं. नखं काढून झाली असली तर ये म्हणावं."

मी निरोप पोचवला. आप्पांनी वॉकर बाजूला सारला, काठी घेतली आणि उठले. काकी आ वासून बघत राहिल्या. गल्ली ओलांडायला त्यांना कष्ट पडले नाहीत, पण वेळ त्यांनी पुष्कळ लावला. जिजींच्या खोलीत सगळे उठून उभे राहिले. विलासनं लॅपटॉप मिटला. आप्पा कॉटजवळच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी उजवा पाय वाकवला. पूर्ण. एकदाही 'आई गं' न म्हणता.

जिजींनी हात बाहेर काढला आणि दार वाजवावं तसा गुडघा वाजवला.

"लोकंडाचा हाय?"

"तसलाच कसला तरी."

"दुकतो?"

"न्हाई आता."

"मांडी घालता येती?"

आप्पा दचकले. "मांडी न्हाई घालायची. डॉक्टरनं सांगितलंय. जल्मात न्हाई."

"मग कशाचा मोकळा!" जिजी म्हणाल्या. "मांडी घालता येत न्हाई आन् म्हणं मोकळा झाला. मांडी घातलीस की सांग." सुनेकडे वळून म्हणाल्या, "आमटी हाय का गं? भाकरी कुस्करून आन."

विलास आधी डोकं धरून बसला. मग त्याला हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. आईच्या हातावर डोकं टेकून तो हसत होता, की दुसरं काही, ते मी बघितलं नाही. त्या आठवड्यात तो पुण्याला परत गेला. जाताना आप्पांच्या पाया पडला. आप्पांनी त्याच्या खांद्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

त्यानंतर जिजी खिडकीत उशीला टेकून बसायला लागल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून विचारायच्या, "आप्पानं मांडी घातली का रं?" नाही म्हटलं की समाधानानं मान हलवायच्या. गल्लीत एकामागून एक सण येऊन गेले.

डाव्या गुडघ्याचा विषय निघाला तो आप्पांनीच काढला. "एक नवा, एक जुना. चालताना मीच कलतूय," म्हणाले. "मीच कललो तर ताटी कशी लेवलात ऱ्हाईल?" मिरजेला जायच्या आधी ते जिजींची परवानगी घ्यायला गेले. मी बरोबर होते.

"जाऊन ये," जिजी म्हणाल्या. "मी कुठं जातीय?"

उजव्या गुडघ्याला थांबल्या. डाव्याला थांबल्या नाहीत.

आप्पा घरी आले होते, डाव्या पायाचे टाके अजून निघायचे होते. सकाळी जिजींनी चहा घेतला, आणखी अर्धा कप मागितला, आणि सून तो घेऊन येईपर्यंत गेल्या. रडण्याचा आवाज आला तशी सगळी गल्ली बाहेर पडली आणि सवयीनं आप्पांच्या ओट्याकडे वळून उभी राहिली. आप्पा कॉटवर, डावा पाय उशांवर.

त्यांचं तोंड उघडलं. 'मी हाय' काही बाहेर पडेना.

विलास पुण्याहून पोचेपर्यंत दुपार झाली. तोवर आप्पांनी ओट्यावरून ओरडून ओरडून ताटी बांधून घेतली. मग मला बोलावलं. "यादीवाल्या ताई, मला तितं न्यायचं बघ."

"टाकं हायत!" काकी म्हणाल्या.

मी विचार केला. घरात हातांची लाल प्लास्टिकची खुर्ची होती. आप्पांनी नेहमीप्रमाणे दोन कळक जास्त मागवले होते. ते कळक खुर्चीच्या हातांखालून घालायचे, सुतळीनं आवळायचे, पायाखाली आडवी फळी बांधायची. "आन् गाठ ही," म्हणत आप्पांनी स्वतःच गाठी मारून दिल्या. त्याच गाठी, ज्या समोर ताटीला मारल्या होत्या.

काकींच्या ते लक्षात आलं. "आवं, जित्ता मानूस ताटीवर बसतूय व्हय!"

"ही खुर्ची हाय," आप्पा म्हणाले. "गप बस."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे जिजी, मागे आप्पा. जिजींचं वजन ते केवढं. त्यांना खांदा द्यायला माणसं एकमेकांना सरकवत होती. आप्पांच्या खुर्चीला मात्र कुणी मिळेना. चौघांनी धरलेली खुर्ची थोड्या वेळानं नव्या चौघांच्या हातात द्यायला जावं, तर ते चौघे पुढे पळून जिजींच्या ताटीला लागलेले. "हलकं मानूस सगळ्यांना पायजे," आप्पा वरून म्हणाले.

वळणावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं, खाली उतरला, जिजींना हात जोडले. मग मागची खुर्ची आली. तिच्यावर मालकासारखा बसलेला माणूस, पाय सरळ, दोन बाजूंनी कळक. ड्रायव्हर गोंधळला. त्यानं पुन्हा हात जोडले.

"आवं मी न्हाई!" आप्पा ओरडले. "ती. फुडं."

विसाव्याला, म्हणजे वाटेत जिथे ताटी टेकवून दिशा बदलतात तिथे, सगळे थांबले. इथून पुढे खांदा द्यायचा तो घरच्यांनी आणि जवळच्यांनी. आप्पांनी खुर्ची ताटीला लावायला सांगितली. विलास त्यांच्या जोडीला उभा राहिला. आप्पांनी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, नजर खांद्यापाशी थांबवली, ओठ हलवले. मग खुर्ची धरणाऱ्यांना म्हणाले, "वर घ्या. आजून. जरा खाली. बास."

काकी गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी पदराखालून एक चुंबळ काढली, जुन्या लुगड्याची, आणि आप्पांच्या खांद्यावर ठेवली. आप्पांनी खांदा कळकाखाली घातला. ताटी उचलली.

खुर्ची धरणारे एका तालात चालेनात. आप्पांचा खांदा कधी वर, कधी खाली. दहा पावलं गेली नाहीत तोच ताटी त्यांच्या बाजूला झुकायला लागली. एवढी वर्षं ज्यांनी कुणाची तसूभर कलू दिली नाही, त्यांच्याच हातून.

"आप्पा, कलतीय," विलास हळूच म्हणाला. मागून आणखी दोघंतिघं म्हणाले, "कलतीय, कलतीय."

आप्पांनी डोळे मिटले होते. गाल कळकाला टेकला होता.

"कलू दे," ते म्हणाले. "पडत न्हाई."